सात उदबत्त्यांची व्हॅन

“आधी नाक, मग कान, मग डोळे. हाताचा नंबर सगळ्यात शेवटी, बेटा!”

मेकॅनिक वाल्मीकमामाचं हे बोलणं तृप्तीला आठवलं ते अगदी नको त्या ठिकाणी. त्यांची व्हॅन रेल्वे फाटकात, बरोबर रुळांवर बंद पडली होती!

घर्र... घर्र... खक्! संतोषकाका किल्ली फिरवत होते आणि इंजिन नुसतं खोकत होतं. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजायला लागली.

“काका, गाडी येतेय!” पुढच्या सीटवरून दिनेश किंचाळला.

“ओरडू नको रे! झालीच सुरू!”

घर्र... खक्!

“पोरं उतरवा आधी!” लाल झेंडी नाचवत फाटकवाला धावत आला. “पॅसेंजर सुटलीय! उतरवा म्हणतो ना!”

सरकत्या दाराशी तृप्तीच बसली होती. दार ओढायचं तिनं. पण तिचे हात मांडीला चिकटल्यासारखे झाले होते. मागच्या बाकावरची तीन चिल्लीपिल्ली रडायला लागली. शेवटी दिनेशच्या नऊ वर्षांच्या बहिणीनं, निकितानं, तृप्तीच्या अंगावरून वाकून दाराला हिसका दिला. ते नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं. दुसरा हिसका! तिसरा!

तृप्तीनं डोळे घट्ट मिटले. ‘आई सप्तशृंगी, हे शिबिर संपेपर्यंत आम्हाला सगळ्यांना सुखरूप ठेव. मी एकवीस दिवस रोज सकाळी घराजवळच्या देवळात अनवाणी येऊन तुझ्यापुढे दिवा लावीन. कुणाला सांगणार नाही.’

धाडकन दार उघडलं. सगळी मुलं भराभर खाली उतरली. रस्त्यानं धावायला निघालेल्या चार जवानांनी एकमेकांकडे बघितलं, “चलो!” म्हणत व्हॅनला खांदा दिला आणि ती एका दमात फाटकाबाहेर काढली. दोन मिनिटांत पॅसेंजर धडधडत निघून गेली.

“भित्री भागूबाई!” दिनेश म्हणाला. पण त्याचाही आवाज कापरा होता.

ही गोष्ट २००२ सालच्या मे महिन्यातली. गंगापूर रोडवरची ही सहा मुलं सुट्टीत रोज सकाळी देवळाली कॅम्पला मल्लखांबाच्या शिबिराला जायची. बारा वर्षांची तृप्ती आणि तेरा वर्षांचा दिनेश एकाच इमारतीत राहायचे. शाळेच्या दिवसांत त्यांना पोचवणारे संतोषकाकाच त्यांना शिबिराला न्यायचे. माणूस मायाळू, मुलांना चॉकलेटं देणारा. फक्त गाडीच्या बाबतीत ‘चलता है’ म्हणणारा.

रस्त्याच्या कडेला उभं राहून काकांनी उदबत्त्या पेटवल्या, पुढच्या काचेपाशी ठेवलेल्या गणपतीसमोर खोचल्या आणि पुन्हा किल्ली फिरवली. आता मात्र व्हॅन सुरू झाली.

“एक, दोन, तीन... सात!” निकितानं मोजल्या. “काका, शाळेच्या वेळी तर एकच असायची. आता सात का?”

“देवाचं असतं ते. मोजायचं नसतं!” काका म्हणाले. मग आरशात बघत हळूच, “आणि फाटकातलं घरी सांगू नका हं. उगाच घाबरतील सगळे.”

मोगऱ्याच्या धुरानं व्हॅन भरून गेली. तृप्तीनं नाक वर केलं. आधी नाक! त्या गोड वासाच्या खाली आणखी एक वास दडून बसला होता. तीव्र, डोक्यात जाणारा. गेल्या सुट्टीत सटाण्याला मामाच्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या ट्रेमध्ये सुटे भाग धुताना येई तोच.

पेट्रोल!

मैदानावर पोचल्या पोचल्या दुसरंच नाटक सुरू झालं. संतोषकाका तडक राखणदार सहादूबाबांवर चालून गेले.

“काय हो सहादू, किती काढलं आज?”

“काय काढलं, दादा?” पेठकडच्या डोंगरातले सहादूबाबा मल्लखांबाच्या हौद्यातली माती भुसभुशीत करत होते. ते चकित होऊन उभे राहिले.

“पेट्रोल! मी गाडी गॅसवर चालवतो. पेट्रोल फक्त सकाळी सुरू करण्यापुरतं. तरी टाकी चार दिवसांत खडखडाट? गाडी रोज तीन तास तुमच्या लिंबाखाली असते. दुसरं कोण आहे इथं?”

“मी नाय घेतलं! मला पेट्रोल काय करायचं? माझ्याकडं सायकलपण नाय!”

मुलांना हसू फुटलं, पण बाबांचा चेहरा बघून विरलं. शिबिराच्या मुख्य सगुणाताई घाईघाईनं आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे अर्ध्या अर्ध्या ऐकल्या, आणि म्हणाल्या, “मला इथं भांडणं नकोत. सहादू, शनिवारी शिबिर संपतंय. तोवर थांब आणि मग दुसरीकडे काम बघ.”

बाबा फावडं उचलून पुन्हा माती खणायला लागले.

मधल्या सुट्टीत लिंबाखाली तिघांची बैठक बसली.

“बाबा चोर नाहीत,” निकिता ठासून म्हणाली. “ते मला दोरावर चढताना रोज खाली उभं राहून धरतात.”

“हा काही पुरावा नाही,” दिनेश म्हणाला.

“मग तू आण पुरावा! मोठा आलास!”

“थांबा रे!” तृप्तीचा आवाज बारीक होता. “बाबांचं काम जाईल ते जाईलच. पण मला दुसरीच भीती वाटतेय. बाबांना काढलं की काका म्हणतील, चोर गेला, आता काळजी नाही. आणि व्हॅन तशीच धावेल. आपल्याला घेऊन.”

“व्हॅनला काय झालंय?”

“नक्की माहीत नाही. पण पेट्रोलचा वास येतोय. काका तो उदबत्त्यांनी झाकतात.”

तृप्तीनं काडीनं मातीत चित्र काढलं. “ही व्हॅन दोन्हींवर चालते, पेट्रोलवर आणि गॅसवर. काकांच्या पुढे बटण आहे ना, त्याला तीन खुणा. एक पेट्रोल, एक गॅस आणि मधली म्हणजे दोन्ही बंद. पेट्रोल आधी कार्बोरेटरमध्ये येतं. तिथं एक छोटी वाटी असते. मामा म्हणतो, वाटी भरली की आत तरंगणारा डबा वर येतो आणि सुईनं भोक बंद करतो. घरच्या टाकीतल्या फुग्यासारखं.”

“आणि फुगा बिघडला तर?”

“टाकी वाहते.”

निकितानं चटकन मागे वळून व्हॅनकडे बघितलं. उन्हात ती अगदी गरीब गाईसारखी उभी होती.

“आधी चोर शोधू,” दिनेश म्हणाला. “पेट्रोल इथं उभ्या गाडीतून जातं की रस्त्यात, एवढंच शोधायचं. मी पुढे बसतो, मला काटा दिसतो. पण रोज लक्षात कसा ठेवणार?”

निकितानं कपाळावरची लाल टिकली काढून त्याच्या तळहातावर चिकटवली. “ही लाव काट्यावर! अक्कल लागते, दादा!”

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचताना, काकांनी किल्ली बंद करायच्या आत, दिनेशनं काट्याच्या टोकावर काचेवर लाल टिकली लावली. तीन तासांनी परत निघताना काकांनी किल्ली फिरवली. काटा बरोबर टिकलीखाली आला! एक थेंबही गेला नव्हता. पण घरी पोचेपर्यंत तो टिकली सोडून चांगलाच खाली सरकला होता. आणि सगळा रस्ता बटण होतं गॅसवर!

बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

“म्हणजे चोर व्हॅनच आहे!” निकिता टाळ्या पिटत म्हणाली. “स्वतःचंच पेट्रोल पिते!”

तृप्तीला मात्र टाळ्या सुचेनात. गॅसवर चालणारी गाडी पेट्रोलही पीत होती. दोन्ही एकदम!

मोठ्यांना सांगून बघितलं. तृप्तीचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “जुन्या गाड्यांचे काटे खोटंच सांगतात गं.” सगुणाताई म्हणाल्या, “टिकल्यांची चौकशी समिती का? आधी उड्या नीट मारा!”

मग शुक्रवारी सकाळी दिनेशनं शेवटचा डाव टाकला.

“काका, पैज! बटण मधल्या खुणेवर ठेवलंत तर मी शंभर मोजायच्या आत इंजिन बंद पडेल.”

“माझं इंजिन? हॅ! तीनशे मोज!”

काकांनी चालत्या गाडीत बटण मध्यावर आणलं. आता पेट्रोल बंद, गॅसही बंद. वाटीत उरलेलं संपलं की इंजिनानं आचके द्यायलाच हवेत. मामाच्या गॅरेजमध्ये तृप्तीनं ते कितीदा तरी ऐकलं होतं. ती कान देऊन बसली.

“अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर...”

इंजिन मजेत चाललं होतं.

“दोनशे... दोनशे दहा...”

आचका नाही. उचकी नाही.

“तीनशे!”

“बघितलंस? आहे की नाही वाघ?” काका खदाखदा हसले. “हरलास! आता आइस्क्रीम दे!”

दिनेशनं मान वळवून तृप्तीकडे बघितलं. पैज हरणं म्हणजे भीती खरी ठरणं होतं. बंद असायला हवं ते पेट्रोल बंदच होत नव्हतं!

त्या संध्याकाळी तिनं कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून सटाण्याला फोन लावला. मामाकडे फोन नव्हता, शेजारच्या दुकानात होता.

“वाल्मीकदादा लग्नाला गेले शे,” तिकडून आवाज आला. “रातले येतीन. काय निरोप?”

“सांगा, तृप्तीचा फोन होता. व्हॅन गॅसवर असताना पेट्रोलही जातंय. मध्यावर ठेवली तरी बंद पडत नाही. आणि वास येतोय. लवकर या म्हणावं!”

शनिवार उजाडला. शिबिराचा शेवटचा दिवस. प्रात्यक्षिकं झाली, बघायला आलेल्या पालकांच्या टाळ्या झाल्या, पेढे झाले. बाजूला सहादूबाबा आपलं गाठोडं बांधत होते.

मुलं व्हॅनमध्ये बसली. काकांनी किल्ली फिरवली.

घर्र... खक्! घर्र... घर्र... घर्र...

“पुरे काका! जास्त फिरवू नका!” तृप्ती म्हणाली. पण ते तिच्या ओठांपाशीच राहिलं, कुणालाही ऐकू गेलं नाही.

घर्र... घर्र... वास वाढत चालला. आज त्याला मोगऱ्याचं पांघरूणही नव्हतं. मागची छोटी मुलं नाक धरून बसली. काका खाली उतरले आणि त्यांनी आपली सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. तृप्तीनं मागून वाकून पाहिलं.

कार्बोरेटर ओलाचिंब होता. त्याच्या कडेवरून थेंब ओघळत होते. टप... टप... खालच्या लोखंडावर पडताच उकाड्यानं त्यांची वाफ होत होती.

“जरा जास्त झालं वाटतं पेट्रोल,” काका सहज म्हणाले. “थांबा, देवाचं नाव घेऊ आणि मग करू सुरू.” त्यांनी उदबत्त्यांचा पुडा काढला. बाहेर वारं सुटलं होतं, काडी टिकेना. पहिली विझली. म्हणून ते आत वाकले, उघड्या इंजिनावर ओणवे झाले आणि त्यांनी काडेपेटीतून दुसरी काडी काढली.

तृप्तीनं ओरडायला हवं होतं. फाटकात तिचे हात गोठले होते, आता जीभही गोठली. काडी पेटीच्या कडेला टेकली. आणि त्या क्षणी मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. अगदी लहानसं, बाळाचं असावं तसं.

“काका, नाही!!”

इतका मोठा आवाज आपला आहे हे तिचं तिलाच कळलं नाही. काका दचकले. तेवढ्यात मल्लखांबावरून झेप घ्यावी तशी निकिता दोन सीटांमधून झेपावली आणि तिनं काडी, काडेपेटी दोन्ही हिसकावून दिनेशच्या बाजूच्या दारातून बाहेर उडी मारली.

“ए कार्टे! इकडे आण!”

“नाही देणार! पकडा बघू!” निकिता मैदानात धूम पळाली.

“दार!” तृप्ती ओरडली. यावेळी तिचे हात चालले. एक हिसका, दोन हिसके, आणि अडेलतट्टू दार घळकन उघडलं. “उतरा! पळा! लिंबाच्याही पलीकडे जा! दिनेश, किल्ली काढ! काका, मागच्या टाकीचा गॅस बंद करा!”

“अगं, एवढं काय झालंय...”

“खाली बघा ना, काका!”

काकांनी पाहिलं. व्हॅनखालच्या मातीवर ओलं वर्तुळ पसरत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते मागे धावले आणि त्यांनी गॅसची चावी आवळली.

सगळ्यात आधी धावत आले ते सहादूबाबा. गाठोडं टाकून त्यांनी मल्लखांबाच्या हौद्यातल्या मातीची घमेली भरली आणि एकामागून एक त्या ओल्या जागेवर ओतली. “लांब व्हा पोरांनो! कुणी बिडी पेटवू नका रे!” पालकांपैकी एकानं तोंडातली सिगारेट घाईघाईनं खिशात परत ठेवली. नशीब, ती अजून पेटवायची होती!

अर्ध्या तासानं, सगळे लांब उभे असताना, मैदानाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. धोतर-सदऱ्यावर खाकी कोट, हातात पान्यांची पिशवी. वाल्मीकमामा!

“रातले निरोप भेटला. पहिल्या एस.टी.नं निघालो, घरून इथला पत्ता घेतला,” तो म्हणाला. “कुठं शे तुझा पेशंट?”

त्यानं व्हॅनला हात लावला नाही. आधी उभं राहून वास घेतला. मग बॅटरीची वायर सोडवली, वारा खेळू दिला आणि बऱ्याच वेळानं सीटखाली वाकला. सगुणाताई, पालक, संतोषकाका, सगळे गोलाकार उभे होते.

“हे बघा,” मामानं पेट्रोलच्या नळीवरच्या छोट्या डबीकडे बोट दाखवलं. “ही विजेची तोटी. बटण गॅसवर गेलं की हिनं पेट्रोल बंद करायचं. बाजूला हा लहान कान हाय. वीज बिघडली तर हातानं तोटी उघडायला. दादा, हा कान कुणी उभा केला?”

संतोषकाका घुटमळले. “चैत्रात एकदा सुरूच होईना. मीच फिरवला. नंतर... राहून गेलं.”

“महिनाभर राहून गेलं! म्हणजे गॅस चालू, पेट्रोलपण चालू. गाडीला दोन्ही हातांनी जेवण! त्यात हे बघा.” त्यानं कार्बोरेटर उघडून वाटीतली सुई तळहातावर धरली. तिच्या टोकाला काळी गाद चिकटली होती. “कचऱ्यानं सुई बसत नाय. वाटी भरली तरी पेट्रोल येतच राहतं. वरून वाहतं, इंजिनावर पडतं. आणि तुम्ही त्यावर काडी ओढणार होता. ती ओढली असती तर...”

मागच्या बाकावरच्या सर्वात छोट्या मुलाला त्याच्या आईनं उचलून छातीशी धरलं.

“मी वास झाकायला लावत होतो,” काका पुटपुटले. “पालक तक्रार करतील म्हणून. देवाचं नाव घेतलं की भागेल वाटलं.”

“उदबत्ती देवापुढे लावावी, दादा. पेट्रोलपुढे नाय.”

काका खाली मान घालून सहादूबाबांसमोर गेले. “बाबा, तुमच्यावर आळ घेतला मी. पायावर डोकं ठेवतो.”

“राहू द्या हो,” बाबांनी त्यांना मध्येच धरलं. “पोरं वाचली. माझं नाव वाचलं. आणखी काय पायजे?”

सगुणाताईंनी स्वतः त्यांचं गाठोडं उचलून खोलीत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन त्या तृप्तीसमोर उभ्या राहिल्या. “टिकल्यांची समिती म्हणून हसले मी. चुकलं माझं. मला साध्या उडीत आणि खऱ्या धाडसात फरक कळला नाही गं.” तृप्तीच्या बाबांनी तर सगळ्यांदेखत कान पकडले.

“पण मी फार घाबरले होते, मामा,” तृप्ती हळूच म्हणाली.

“पेट्रोलला घाबरतो तोच मेकॅनिक टिकतो, बेटा. नाक, कान, डोळे... आणि हात शेवटी. तू बरोबर केलंस.” त्यानं काळ्या हातांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. केसांना डाग पडला तो पडलाच.

“आणि काडेपेटी मी पळवली!” निकिता मध्ये घुसली. “माझं कोणी काही म्हणत नाही!”

“चोर सापडली!” दिनेश ओरडला आणि सगळे पोट धरून हसले. निकितानं ती काडेपेटी तृप्तीच्या हातात कोंबली. “धर. तुझ्याकडेच राहू दे. काकांना द्यायची नाही!”

व्हॅन मामानं तिथंच उभी ठेवली. नवी तोटी बसल्याशिवाय ती हलणार नव्हती. मुलं बसनं घरी आली.

रविवारी पहाटे, घरात सगळे झोपलेले असताना तृप्ती उठली. तिनं अंघोळ केली, छोट्या डब्यात तेल घेतलं, एक वात घेतली. काडेपेटी फ्रॉकच्या खिशात घातली. स्वयंपाकघरातून जाताना ती सवयीनं थबकली आणि तिनं नाक वर केलं. रात्री तापवलेल्या दुधाचा तेवढा वास होता.

“एवढ्या सकाळी कुठं गं?” हॉलमध्ये झोपलेल्या मामानं एक डोळा उघडून विचारलं.

“आलेच.”

त्यानं डोळा पुन्हा मिटला. दाराशी तिच्या चपला होत्या. त्या तिनं बाजूला सरकवल्या आणि जिन्याची गार फरशी पायांखाली घेत ती देवळाकडे निघाली.